शेळी कोण आणणार?

चित्रपट विनोदी आहे हे पोस्टरवर लिहिलं होतं म्हणून बरं, नाहीतर कळायला काही मार्ग नव्हता. शहरातल्या एकटेपणाला कंटाळलेली चार-सहा माणसं एक जुनी इमारत घेतात, एकच स्वयंपाकघर, एकच न्हाणीघर, सगळ्यांचं सगळं सामायिक असा संसार मांडतात आणि मग त्यांची जी फजिती व्हायची ती होते, अशी गोष्ट. नावापुढे तीन उद्गारचिन्हं ठोकली होती. पोस्टरवर सगळी मंडळी एका बाथटबमध्ये कोंबून बसवली होती आणि मधोमध एक पांढरी शेळी उभी होती. त्या सगळ्यांत शेळीचाच चेहरा जरा विचारी वाटत होता.

थिएटरच्या पायऱ्यांवर ताई दुपारच्या खेळाची तिकिटं घेऊन उभी होती. पोस्टरकडे बघून ती मनातल्या मनात म्हणाली, मास्तर, मेल्या, बाथटब कुठे होता रे आपल्याकडे? एक नळ होता, तोही गळका.

गोष्ट तिच्याच जुन्या सामायिक घराची होती, म्हणून तिला असं दरडावून विचारायचा हक्क होता. सिनेमाचा दिग्दर्शक एकेकाळी तिच्याच घरात राहायचा. शाळेत नाटक शिकवायचा म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणत. पुढे तो सिनेमाच्या धंद्यात गेला, दुसऱ्यांच्या चित्रीकरणात गर्दी इकडून तिकडे हाकण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली, आणि केस पिकल्यावर एकदाचा त्याला स्वतःचा सिनेमा मिळाला. "आपल्या घरावर केलाय, ताई," त्याने फोनवर सांगितलं होतं. "तू बघायचाच. छोटीलाही ने."

छोटी म्हणजे ताईची लेक. आता ती कसली छोटी, सातवा महिना लागला होता तिला. पण त्या घरात पडलेली नावं कुणाचीच पुसली गेली नव्हती. ताई तरी कुठे कुणाची थोरली बहीण होती? किल्ल्या तिच्याकडे असत, भांडणं तीच सोडवायची, म्हणून ती ताई झाली. आणि तिची स्वतःची लेकही तिला ताईच म्हणायची. त्यामागे घराचा एक नियम होता. तो पुढे येईलच.

सध्या ताईच्या डोक्यात एकच गोष्ट होती. लेकीने म्हणावं, बाळंतपणाला माझ्याकडे राहायला ये. एवढंच. दाताच्या ज्या लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची, तिथल्या मालकांच्या कानावर तिने रजेचं घालून ठेवलं होतं. जुन्या मऊ सुती कपड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. आमंत्रणाचाच काय तो पत्ता नव्हता. लेक फोन करायची, तब्येतीचं सांगायची, डॉक्टर काय म्हणाले ते सांगायची, आणि "चल, ठेवते" म्हणून ठेवायची. ताईचा जीव टांगणीला लागला होता. स्वतःहून विचारायचं तर नकार ऐकायची भीती, आणि न विचारावं तर दिवस भराभर जात होते.

सिनेमाची आयडिया तिला त्यातूनच सुचली. लेक त्या घराबद्दल कधी बोलत नसे. विषय निघाला की "हो, होतं ते" एवढं म्हणून दुसरं काहीतरी काढायची. ताईला वाटायचं, विसरली असेल पोर. लहान होती. आता पडद्यावर सगळं पुन्हा बघेल, ते हसणं, ती गाणी, ते एका पातेल्यातलं सूप, आणि तिचं मन विरघळेल. मग बाहेर पडता पडता आपोआप म्हणेल, ताई, ये ना राहायला.

लेक रिक्षातून उतरली. एक हात कमरेवर, एक हात पोटावर. "तिकिटं कशाला काढलीस, ताई? मी काढणार होते."

"राहू दे गं. किती वर्षांनी मायलेकी सिनेमाला जातोय," ताई म्हणाली. लेक हसली.

आत मोजकीच माणसं होती. ताईने लेकीला रांगेच्या टोकाची खुर्ची दिली, पाठीशी स्वतःची शाल घडी करून ठेवली, पाण्याची बाटली हातात दिली, आणि दिवे मालवायच्या आत तीनदा विचारून घेतलं, "बरं वाटतंय ना?"

सिनेमा सुरू झाला आणि ताईने चुका काढायलाही सुरुवात केली. बंद पडलेल्या छापखान्याची ती इमारत पडद्यावर चांगली हवेली झाली होती. भिंतींवर शाईचे डाग नाहीत, पायाखाली शिशाचे खिळे टोचत नाहीत. त्यांच्या खऱ्या घरात हमखास कुणाच्या तरी टाचेत छापखान्यातलं एखादं अक्षर रुतायचं आणि सोबत राहणारा रंगारी विचारायचा, "कुठलं लागलं? क की ख?" तो विनोद मास्तरने वापरला नव्हता. त्याऐवजी माणसं केळीच्या सालीवरून घसरत होती. घरातल्या वकीलबाई खऱ्या आयुष्यात इतक्या मऊ बोलायच्या की न्यायाधीश पुढे वाकून ऐकायचे. इथे त्या हातात लाटणं घेऊन कायदा सांगत होत्या. रंगारी सिनेमाची मोठी मोठी पोस्टरं रंगवायचा, साधा सरळ माणूस, त्याला इथे दर दहा मिनिटांनी शिडीवरून पाडत होते. आणि ताईचं काम करणारी जी कुणी नटी होती, तिच्या गळ्यात शिट्टी! उठा, शिट्टी. जेवा, शिट्टी. दात तर असे पांढरेफटक एका ओळीत, की ताईच्या व्यवसायातल्या नजरेला ते बघूनच दुखायला लागलं. असे दात मागणाऱ्या गिऱ्हाइकाला ती नेहमी समजावायची की बाबा, थोडा पिवळेपणा ठेवू या, नाहीतर तोंडात उसने वाटतील.

लोक हसत नव्हते. मागे कुणीतरी वेफर्सची पिशवी वाजवत होतं. ताईला मास्तरची कीव आली. गडी जेवणाच्या टेबलावर एकेक किस्सा असा रंगवून सांगायचा की पोटं धरून हसायचे सगळे. तोच माणूस, तेच किस्से, आणि पडद्यावर त्यांची अशी माती.

मग शेळी आली.

घरातल्या मंडळींना ताजं दूध हवं म्हणून ती आणलेली. शेळी सगळ्यांची, एकट्या कुणाची नाही, असा ठराव हात वर करून झाला. भिंतीवर फळा होता, त्यावर कामांची नावं होती, भांडी, केर, बाजार, आणि शेवटी शेळी. कपड्यांच्या चिमट्यांवर माणसांची नावं लिहिलेली, ज्याची पाळी त्याचा चिमटा त्या कामावर. हे मात्र मास्तरने हुबेहूब उचललं होतं. फळा, चिमटे, सगळं. ताईला बरं वाटलं. लेकीच्या कानाशी वाकून ती म्हणाली, "बघ, आपला फळा!" लेकीने मान हलवली.

एका सकाळी कुणीतरी शेळीला बाजाराच्या फाटकाशी बांधतं आणि सगळे आपापल्या कामाला जातात. संध्याकाळी आणायची पाळी नेमकी कुणाची, याचा घोळ. याला वाटतं तो आणेल, त्याला वाटतं ती. शेळी उभी. बाजार उठतो, दुकानं बंद होतात, शेळी उभीच. रखवालदार तिला बसायला स्टूल देतो, शेळीला स्टूल! तिथे पहिल्यांदा थिएटरमध्ये हशा पिकला. मग शेळी घरी येते, आणि लगेच तातडीची बैठक बसते. सगळे गोल बसलेले, मधोमध शेळी. तू आणायची होतीस, नाही, तू. शिट्टी वाजते. वकीलबाई नियम वाचतात. रंगारी ओरडतो, "ते राहू द्या, पण उद्या शेळी कोण आणणार?" आणि या सगळ्या गदारोळात शेळीला बिचारीला झोप येते. तिचे पुढचे गुडघे वाकतात, ती दचकून उभी राहते, पुन्हा वाकतात. तिला झोपवायची पाळी कुणाची हेही ठरलेलं नसल्यामुळे तिला हात कुणी लावत नाही.

ताई हसली. अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. आख्ख्या सिनेमात तेवढंच एक झकास जमलं होतं. हसता हसता तिने लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा हलला नाही. ताईला वाटलं, अवघडली असेल.

सिनेमा संपला. शेवटी सगळे गळ्यात गळे घालून नाचले आणि शेळीच्या गळ्यात हार पडला. बाहेर उन्हं उतरायला लागली होती. थिएटरच्या शेजारी एक लहानसं चहाचं दुकान होतं, संगमरवरी टेबलं, काचेच्या बरणीत बिस्किटं. दोघी तिथे बसल्या. लेकीने कमी साखरेचा चहा मागवला. ताई वाट बघत होती. आता म्हणेल, मग म्हणेल. शेवटी तीच बोलायला लागली. काही सुचलं नाही की ताई भडाभडा बोलायची, हा तिचा जुना स्वभाव.

"सगळं चुकवलंय गं त्याने. नळ चुकला, जिना चुकला, वकीलबाईंचं तर काय करून ठेवलंय! त्यांनी बघितला तर नोटीस पाठवतील. आणि ती शिट्टी. मी कधी शिट्टी वाजवली?"

"नाही वाजवलीस," लेक म्हणाली.

"नाही ना? एक शेळी तेवढी छान. ती बैठक! माझं तर पोट दुखलं हसून. पण शेळी कुठून काढली त्याने कोण जाणे. आपल्याकडे कुठे होती शेळी?"

लेकीने कप बशीत ठेवला. "ताई, ती शेळी म्हणजे मी."

"चल, काहीतरीच!" ताई हसली. हसू अर्ध्यावर आलं आणि तिथेच अडकलं.

"फाटकाशी कोण राहिलं होतं, ताई?"

ताईला आठवलं. शाळेचं फाटक. हिरवं, लोखंडी. रखवालदाराचं स्टूल.

आता तो नियम सांगायलाच हवा. नवरा घर सोडून गेला तेव्हा लेक पाळण्यात होती, आणि एकटीने हे मूल कसं वाढवायचं या धास्तीने ताईला घास गिळवत नव्हता. त्या घराने तिला उचलून घेतलं, हे खरं आहे. ताप आला तर चार माणसं जागायला असत. ती कामाला गेली तर मास्तर लेकीला गोष्टी सांगायचा. रंगारी तिच्यासाठी भिंतीवर हत्ती काढायचा. ताईचं ओझं असं एकाएकी हलकं झालं की ते पुन्हा अंगावर येईल याचीच तिला भीती बसली. म्हणून बैठकीत जेव्हा कुणीतरी म्हणालं, की मूल पण सगळ्यांचंच असू दे, इथे कुणी कुणाचं एकट्याचं नाही, तेव्हा सगळ्यांत आधी हात ताईचा वर गेला. फळ्यावर भांडी, केर, बाजार यांच्या शेजारी चौथं काम लिहिलं गेलं, छोटी. आणि ठरलं की छोटीनेही सगळ्यांना एकसारखी हाक मारायची. मास्तरला मास्तर, ताईला ताई.

लेक तेव्हा नुकती "आई" म्हणायला लागली होती. ती सवय मोडायला थोडे दिवस गेले. लेकीने आई म्हणून हाक मारली की ताई मुद्दाम वळायची नाही. भांडी घासत राहायची, पाठ करून. पोर पुन्हा हाक मारायची, मग जरा मोठ्याने, मग गप्प व्हायची, आणि मग कधीतरी "ताई" म्हणायची. तेव्हा ताई वळायची आणि तिला खाऊ द्यायची. घरातल्या सगळ्यांनी कौतुक केलं होतं, किती लवकर शिकली.

"मास्तरने एक गोष्ट बदलली नाही," लेक सांगत होती. आवाज साधाच होता, बसचा रस्ता सांगावा तसा. "तू म्हणतेस सगळं चुकलं. नळ चुकला असेल. पण ते वाक्य रंगाऱ्याचं जसंच्या तसं आहे. उद्या छोटीला कोण आणणार. मी मधे उभी होते. दप्तर पाठीवरच होतं. मला इतकी झोप आली होती की पाय वाकत होते. मला वाटत होतं, आता कुणीतरी उचलेल."

ताईलाही ते दिसलं, आणि ते आज पहिल्यांदा दिसलं असंही नव्हतं. त्या बैठकीत ती बसली होती, पोर पेंगतेय हे बघत होती, आणि तिचे हात दोनदा पुढे झाले होते. दोनदा तिने ते मांडीवर परत ठेवले. आपण उचललं तर नियम मोडेल, नियम मोडला तर ही पुन्हा आपल्या एकटीची होईल, असा काहीतरी हिशेब तिच्या डोक्यात होता. शेवटी पोर फरशीवरच झोपली. तो प्रसंग पुढे घरात किस्सा म्हणून गाजला. छोटी कशी पेंगत होती याची मास्तर नक्कल करायचा, आणि सगळे हसायचे. तीही हसायची.

"तू रडली नाहीस त्या दिवशी," ताई म्हणाली. म्हणायचं दुसरंच काही होतं, पण तोंडून हे निघालं.

"कुणाकडे बघून रडायचं?"

शेजारच्या टेबलावर दोघंजण सिनेमाबद्दलच बोलत होते. "शेळीचं तेवढं भारी होतं," एकजण म्हणाला. ताईने मान खाली घातली.

"मला एकटीला फार भीती वाटायची गं," ती म्हणाली. "मला वाटलं, एका माणसाच्या ऐवजी तुला घरभर माणसं मिळतायत. मला खरंच वाटलं की तुझं चांगलंच होतंय."

"माहितेय मला. मी रागावले नाहीये, ताई." लेकीने तिच्या हातावर हात ठेवला, जरासा थोपटला. रागावली असती तर ताईला काहीतरी बोलता आलं असतं.

तरीही माणसाची आशा किती चिवट असते बघा. बिल देऊन उठता उठता ती बोललीच, "लॅबमध्ये मी रजेचं बोलून ठेवलंय. म्हणजे, तुला लागली माझी गरज तर."

लेकीने पर्स बंद केली. तिची चेन ओढायला तिने जरा जास्तच वेळ घेतला. "सासूबाई येणार आहेत राहायला. ठरलंय आमचं." मग ती घाईने म्हणाली, "तू ये ना. तू भेटायला ये. कधीही ये."

"हो, हो. येईन की," ताई म्हणाली. रिक्षा आली, तिने लेकीला हात धरून आत बसवलं, पाठीला असू दे म्हणून आपली शाल आत दिली, आणि रिक्षा वळेपर्यंत ती हात हलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये तिचं काम काही धड होईना. मेणात दात बसवताना समोरचे दोन वाकडे बसले, ते काढून पुन्हा बसवले तर आणखी वाकडे. शेवटी तिने दिवा विझवला, हातातली सुरी पुसून ठेवली आणि मागच्या अंगणात जाऊन मास्तरला फोन लावला.

"बघितलास?" मास्तरने आधीच विचारलं. त्याचा आवाज खोल गेलेला होता. "लोक येत नाहीयेत गं. या आठवड्यात काढतील."

"मास्तर, छोटीच्या जागी शेळी का घातलीस?"

तो म्हणाला, "आधी मुलगीच लिहिली होती मी. शप्पथ. पहिल्यांदा वाचून दाखवलं ना, तेव्हा त्या बैठकीच्या प्रसंगाला कुणी हसलंच नाही. खोलीत एकदम शांत झालं. एक बाई तर उठून बाहेर गेली. निर्माता म्हणाला, अहो, तुम्ही विनोदी म्हणाला होतात. मला कळेना. आपण तर किती हसायचो त्याला! मग मी मुलीच्या जागी शेळी घातली. दुसरं काही बदललं नाही, ताई. एक शब्द नाही."

"आणि मग?"

"मग सगळे हसले."

ताईला त्याला खूप बोलायचं होतं. तोंडाशी शिव्याही आल्या होत्या. पण थिएटरमध्ये सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं होतं हे तिला ठाऊक होतं, त्यामुळे शिवी कुणाला द्यायची हा प्रश्नच होता. "तब्येतीला जप," असं म्हणून तिने फोन ठेवला. सिनेमा आठवडाअखेर खरंच उतरला. त्या जागी दुसरं पोस्टर लागलं.

बाळ झाल्याचं जावयाने फोन करून कळवलं. मुलगी झाली होती. दोघी खुशाल होत्या. ताईने जरा दम धरला, नाहीतर म्हणतील ही लगेच हजर, आणि मग एका रविवारी दुपटी घेऊन भेटायला गेली.

दार विहीणबाईंनी उघडलं. गोल, हसऱ्या, कमरेला फडका खोचलेला. थोड्याच दिवसांत त्या या घराच्या मालकीण झालेल्या दिसत होत्या, आणि ते घराला शोभतही होतं. स्वयंपाकघरातून सुपाचा वास येत होता, दोरीवर लंगोट वाळत होते. "या, या. हात धुवा आणि बसा इथे, हवेशीर आहे," त्या म्हणाल्या. ताईने हात साबणाने कोपरापर्यंत धुतले, लॅबमधल्या सवयीने, आणि पलंगाशेजारच्या खुर्चीत बसली. लेक उशीला टेकून बसली होती. चेहरा ओढलेला, पण डोळे निवलेले.

विहीणबाईंनी बाळ आणून ताईच्या हातात ठेवलं. "बघ गं बघ, कोण आलंय? आजी आली तुझी! आजी आली!"

"ताई आली, म्हणा," लेक पलंगावरून म्हणाली. सहजच म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, हे ताईला शपथेवर सांगता आलं असतं.

"अगं, ताई काय? तुझी आई ना त्या? मग हिच्या आजीच की."

"आमच्याकडे ताईच म्हणतात त्यांना. सगळे."

विहीणबाईंनी ताईकडे बघितलं. आता ही बाई हक्काने भांडेल अशी त्यांची अपेक्षा असावी. ताईने बाळाच्या कपाळावरचं टोपरं सारखं केलं. "हो," ती म्हणाली. "ताईच बरं आहे. मीच लावलीय ती सवय."

विहीणबाई सुपाकडे बघायला गेल्या. लेकीचा डोळा लागला. बाळ हातात होतं, उबदार, पावासारखं. दातांचा तर पत्ता नव्हता, नुसत्या गुलाबी हिरड्या. त्याने एकदा जांभई दिली, ताईचं बोट मुठीत धरलं आणि ते झोपलं. थोड्या वेळाने विहीणबाई आल्या, म्हणाल्या, "द्या इकडे, पाळण्यात घालते. दमला असाल."

"नाही, असू दे."

पुन्हा एकदा आल्या. "तुमचा चहा गार झाला की. घेऊ का हिला?"

"असू दे हो. काही दमले नाही मी."

हात दंडापासून बधिर झाला होता. पायाला मुंग्या आल्या होत्या. खुर्चीचा कठडा बरगडीत रुतत होता, पण सरकून बसावं तर बाळ उठेल, म्हणून ताई सरकली नाही. जावई कामावरून आला, तोंड धुऊन "मी घेतो" म्हणाला, त्यालाही तिने मान हलवून नको म्हटलं. खिडकीतलं ऊन पलंगावरून खाली उतरलं, फरशीवरून भिंतीपर्यंत गेलं. तिने बाळ कुणाकडे दिलं नाही.

लेक जागी झाली तेव्हा खोलीत अंधारून यायला लागलं होतं. "अगं ताई, अजून घेऊनच बसलीस?"

"झोपलीय ना छान."

"तुला उशीर होईल परत जायला." लेक उठून बसली, केस मागे सारले. बाळाला तेवढ्यात जाग आली, तोंड वेडंवाकडं झालं आणि ते बारीक आवाजात रडायला लागलं. ताई त्याला उभं धरून थोपटायला लागली, पण त्याला काही ती नको होती. लेकीने दोन्ही हात पुढे केले.

"ये गं माझी बाई ती," ती म्हणाली. "ये. आईकडे ये."

त्या शब्दासरशी ताईने चटकन मान वळवून लेकीकडे बघितलं. इतक्या वर्षांनी त्या आवाजात तो शब्द आला होता. लेकीचं लक्ष बाळाकडे होतं.

ताईने बाळाची मान सांभाळत ते लेकीच्या हातात दिलं. मग तिने पिशवी उचलली, विहीणबाईंना येते म्हणून सांगितलं आणि दारात वाकून चपला शोधायला लागली.